सिमेंट कंपन्यांना कसले आलेत मूलभूत हक्क?

कोरपनाकर: आमच्या तालुक्यात कुठूनही सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते, पण घरकुलाला पोतं काही स्वस्त मिळत नाही. संगनमताने भाव चढवले म्हणून, बाजारातली अशी संगनमतं रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये बड्या सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून जास्त दंड ठोकला. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. का, तर सही करणारे अध्यक्ष सुनावणीला हजर नव्हते! कंपनीला काय फाशी होणार होती?

वणीचा वकील: अर्धंच सांगितलंत, भाऊ. प्रकरण आयोगाकडे परत गेलं, २०१६ मध्ये पुन्हा तितकाच जबर दंड लागला आणि २०१८ मध्ये अपिलात तो टिकला. ज्याने ऐकलंच नाही त्याने निकाल का द्यावा? पहिल्यांदाच नीट केलं असतं तर चार वर्षं वाचली असती. शिवाय कायद्यापुढची समानता देणारं कलम १४ कंपनीलाही लागू आहे.

पऱ्हाटीवाला: वकीलसाहेब, मले पोतं तवाच घ्या लागलं. बियाण्याचंबी पाहा. बोंडअळी रोखनाऱ्या बीटी कापसाच्या बियाण्यावरच्या फीवरून आयोगानं २०१६ ले मोन्सॅन्टो या बियाणं कंपनीच्या गटाची चौकशी लावली. २०१७ ले बोंडअळीनं वावर खाल्लं. २०२३ ले दिल्ली हायकोर्ट म्हणते, पेटंटच्या मामल्यात आयोगाचं काम नाही. हक्क कोनाचे जपले मंग?

वणीचा वकील: तो अधिकारक्षेत्राचा वाद होता. इथे नका मिसळू.

कृषी केंद्र, पांढरकवडा: सगळे मोठ्यांचंच बोलताय. व्यापारी संघटनाही याच स्पर्धा कायद्यात येतात. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना दंड झालेत. उद्या आमच्या तालुका संघटनेची तक्रार गेली तर आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांपुढे शपथेवर जबाब द्यायला मला बोलावतील. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने वकील सोबत नेऊ दिला, पण बसवायचा कुठे? समोर नाही, त्याच्याशी सल्लामसलत करता येणार नाही इतक्या लांब! कंपनीचा साहेब घोकून येईल. मी घाबरून भलतंच बोललो तर?

कोरपनाकर: मग तुम्हाला द्या ना हक्क! सिमेंटवाल्यांनी दंडाचे १० टक्के भरून सर्वोच्च न्यायालयात बाकीची वसुली थांबवली, ते कसं चालतं? बरं झालं, २०२३ च्या दुरुस्तीने अपिलाआधी २५ टक्के भरणं सक्तीचं केलं.

कृषी केंद्र, पांढरकवडा: ते २५ टक्के मलाही भरावे लागतील, भाऊ. ऐन खरिपात दंड आला तर उधारी वसूल व्हायच्या आधी आणू कुठून?