लेझरच्या पॅरामीटरला कुलूप हवं का?

प्रोग्रॅमर_भोसरी
प्लेट कापायच्या फायबर लेझरवर पॉवर, फोकस, गॅस प्रेशर ऑपरेटरला बदलू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कटला खालून बर (चिकटून राहिलेला धातूचा काठ) आली की पहिला हात फीडच्या, म्हणजे कापायच्या स्पीडच्या नॉबवर जातो, आणि बहुतेक वेळा दोष नोझलचा (किरण आणि गॅस बाहेर पडतो ते तोंड) किंवा लेन्सखालच्या काचेचा निघतो. बर एकाच बाजूला आणि समोरची कड स्वच्छ असेल तर आधी सेंटरिंग तपासा. नोझलखाली चिकटपट्टी लावून कमी पॉवरचा एक शॉट मारा. भोक नोझलच्या छिद्राच्या मधोमध पडलं नसेल तर पॅरामीटर फिरवून काही होणार नाही. सुरुवातीला कट चांगला आणि थोड्या वेळाने बिघडत असेल तर प्रोटेक्टिव्ह काच बघा. ठिपका पडलेली काच तापते आणि फोकस सरकतो. त्या काचेला जुळवून घेतलेलं पॅरामीटर सेव्ह झालं, की पुढच्या पाळीत नवी काच घालूनही कट खराबच येतो.

तिसरी_पाळी
पॅरामीटरची लायब्ररी (मशीनमधली तयार यादी) तयार होते स्वच्छ, लेझर ग्रेडच्या प्लेटवर. शॉपमध्ये येते १२ मिमीची गंजलेली, स्केल (ऑक्साइडची खपली) सुटलेली एचआर (हॉट रोल्ड) प्लेट. ऑक्सिजनवर ती पिअर्सिंगलाच (सुरुवातीचं भोक पाडतानाच) उडते, कड खणली जाते. रात्री दोनला प्रोग्रॅमर कुठून आणायचा? ठिणग्या सरळ खाली पडतायत की मागे ओढल्या जातायत, हे मशीनसमोरच्यालाच दिसतं. मागे जात असतील तर स्पीड जास्त आहे. तो ५ टक्के उतरवायला पासवर्ड कशाला?

क्यूसी_चाकण
जाड एमएसला (माइल्ड स्टीलला) नुसता स्पीड उतरवणंच घातक. तिथे ऑक्सिजन लोखंड जाळतो, कापायची बरीचशी उष्णता त्या जळण्यातूनच येते. पॉवर तेवढीच ठेवून स्पीड कमी केला की कोपरे वितळतात. १२ मिमी प्लेटमधलं ८ मिमीचं भोक तर हमखास जळतं. आणि गॅस? पावडर कोटिंगचा जॉब नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनवर कापला तर कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. तो घासून काढला नाही तर रंग थरासकट सुटतो. वरून बघताना पार्ट अगदी ठीक दिसतो, म्हणून तो पुढे जातो.

तिसरी_पाळी
गॅस आणि पॉवरला कुलूप घाला, हरकत नाही. फोकस अर्धा मिमी वर-खाली आणि स्पीड ५ टक्के एवढं तरी मोकळं ठेवा. बदल प्लेटच्या हीट नंबरसह (वितळणीच्या बॅचचा नंबर) वहीत लिहू. पण काच आणि नोझल रात्रपाळीत स्टोअरच्या कुलपात असतात त्याचं काय? काच मिळत नाही म्हणूनच पॅरामीटर ओढून काम रेटलं जातं.

प्रोग्रॅमर_भोसरी
हे मात्र खरं. मशीनपाशी दोन काचा आणि चालू मापाची नोझल्स बंद डब्यात असायलाच हवीत. तेवढं असेल तर फोकसची सूटही मान्य, फक्त बदल त्या जॉबच्या प्रतीत सेव्ह करा, मूळ फाइलमध्ये नको.

क्यूसी_चाकण
आणि काच बदलताना हेडचं तोंड लगेच टेपने बंद करा. ग्राइंडिंगची धूळ आत गेली तर वरची लेन्स जाते.