जुना हायड्रॉलिक क्लच : पेडल दोन-तीनदा मारल्याशिवाय गिअर पडत नाही

चौथा_गिअर :
मंडळी, गाडी २६ वर्षांची. सकाळी पहिला गिअर अडतो, आणि रिव्हर्स टाकताना कुणी झोपेत दात खावेत तसा कर्रर्र आवाज. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की निमूट पडतो. मेकॅनिक म्हणतो प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू द्यावा का?

तेलकट_हात :
इतक्यात नको. प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. तुमचं उलटं आहे, क्लच पुरता सुटतच नाही. आणि पंप मारून सुधारतंय म्हणजे दोष ऑइलच्या वाटेवर आहे. पेडल किती वेळा मारलं हे प्लेटला काय कळणार?

स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने दांडा ढकलून क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर इंजिन बंद ठेवून त्याच्या दांड्याशेजारी पट्टी धरा. दुसऱ्या कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि मिनिटभर बघत राहा. दांडा कमी सरकला पण तिथेच थांबला, तर बहुतेक लाइनमध्ये हवा. नीट सरकून हळूहळू मागे आला, तर कुठलं तरी सील दाब धरत नाही. पूर्ण सरकून तिथेच राहिला आणि तरी गिअर अडला, तर मग खुशाल गिअरबॉक्स उतरवा.

ओलं_कार्पेट :
स्लेव्हचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. पेडलच्या वर मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) दांडा आत शिरतो तिथेही बोट फिरवा. मी कार्पेट ओलं होतं म्हणून दाराची रबरं बदलत बसलो होतो, निघालं ब्रेक ऑइल, क्लचमध्येही तेच असतं. (आयडी त्यावरूनच.)

चौथा_गिअर :
मोजलं. दांडा १४ मिमी गेला, मिनिटभरात ९ वर आला. बूट कोरडं, पेडलपाशी कोरडं, क्लच ऑइलच्या टाकीतली पातळी तसूभर हललेली नाही. मग ऑइल जातं कुठे?

तेलकट_हात :
परत टाकीत! मास्टरच्या आतलं वॉशर (रबरी सील) झिजलंय, दाब आला की ऑइल त्याच्या कडेने मागे सरकतं. भराभर मारलं की त्याला मागे जायला सवड मिळत नाही, म्हणून गिअर पडतो.

मास्टर खोलल्यावर बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) बॅटरीचा उजेड मारा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याने बोअर गंजतो. खड्डे दिसले तर किटवर (नव्या रबरांच्या संचावर) वेळ घालवू नका, नवं वॉशरही तिथेच कापलं जाईल, मास्टरच बदला. आणि स्लेव्हचं किट त्याच दिवशी टाका. नवा मास्टर पूर्ण दाब द्यायला लागला की जुनं वॉशर तग धरत नाही.

ओलं_कार्पेट :
स्लेव्ह अख्खा बदलणार असाल तर बोअर मोजून घ्या. मला १९ मिमीच्या जागी २२चा बसवून दिला होता. पेडल लोण्यासारखं हलकं, पण तेवढ्याच ऑइलमध्ये दांडा पाऊणपटच सरकायचा. दोन वेळा एअर काढली, दोष हवेचा नव्हताच.

तेलकट_हात :
हो, हे खरं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट ३ किंवा ४ असेल तिथे सिलिकॉनचं डॉट ५ नको, आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नाही, सगळी रबरं फुगतात. एअर काढताना क्रम असा: पेडल दाबून धरा, निपल (स्लेव्हवरचा हवा सोडायचा स्क्रू) सोडा, निपल बंद करा, मगच पाय उचला. शेवटी पेडलला किंचित मोकळा खेळ ठेवा, नाहीतर ऑइलची परतीची वाट बंद राहते आणि गरम झाल्यावर क्लच घसरतो.

चौथा_गिअर :
बोअरमध्ये खड्डे होते, मास्टर नवा टाकला. रिव्हर्स आता आवाज न करता पडतो, आभार! स्लेव्हचं किट मात्र 'पुढच्या वेळी' म्हणून डिकीतच ठेवलं होतं. आज आठवा दिवस, बूट उचललं तर आत काळं ऑइल.

तेलकट_हात :
😐

चौथा_गिअर :
कळलं. रविवारी परत गाडीखाली.