मदत हवी आहे: दादाचा आणि माझा हिपॅटायटिस बी 'वेगळा' निघाला, म्हणजे त्याला तो घरातून आलेला नाही का?

शेवंती_एम

नमस्कार. गेले तीन आठवडे आमच्या घरात कुणी धड जेवलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबेल, पण जाणकारांनी वाचावं ही विनंती.

आई, दादा आणि मी, तिघांनाही हिपॅटायटिस बी आहे. २००६ साली आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाच्या रक्ततपासणीत तो पहिल्यांदा कळला. मग आम्हा दोघांना तपासलं, दोघंही पॉझिटिव्ह. बाबांना नव्हता. दादाचा जन्म १९८० चा, माझा १९८४ चा. तेव्हा आपल्याकडे बाळांना ही लस कुठे मिळत होती? त्यामुळे आईकडूनच आला असणार असं आम्ही धरून चाललो आणि कुणी कुणाला दोष दिला नाही. माझं काही बिघडलं नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त, इतकंच. दादाने २००७ ते २०१० लॅमिव्हुडिन (विषाणू दाबणारी गोळी) घेतली, बरं वाटायला लागलं तशी स्वतःच सोडली.

आता त्याचा एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारा आकडा) ११२, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ६,४०,००० आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय त्याची तपासणी) १५ आलाय, म्हणजे बराच वाढलेला. डॉक्टरांनी टेनोफोव्हिर सुरू करायला सांगितली, आणि जुनी गोळी सोडल्याची हकीकत ऐकून विषाणूचा प्रकार व म्युटेशनची तपासणीही करून घेतली. माझीही त्याच वेळी झाली. माझा लोड १,८०० आहे. दोघांचाही जीनोटाइप डी. ई अँटिजेन (विषाणू रक्तात सोडतो ते एक प्रथिन) दोघांचं निगेटिव्ह. पण दादाच्या रिपोर्टवर 'प्रीकोअर म्युटेशन जी १८९६ ए आढळले' असं आहे आणि माझ्यावर 'आढळले नाही'. काउंटरवरच्या मुलाने रिपोर्ट देताना सहज सांगून टाकलं, "दोघांचा स्ट्रेन वेगळा आहे." वहिनी शेजारीच उभी होती.

दादा बारा वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये होता, महिना महिना बाहेर असायचा. पुढचं सांगायला नको. वहिनीचा भाऊ येऊन म्हणाला, "एका आईचा रोग असता तर एकच निघाला असता." वहिनी तेव्हापासून दादाशी बोलत नाही, आणि दादाने हट्ट धरलाय की आधी खरं काय ते सिद्ध करा, मग मी गोळी घेईन. पाकीट न फोडता कपाटात पडलंय. माझा जीव त्या पाकिटात अडकलाय.

मला एवढंच कळून हवंय: एकाच आईकडून आलेला विषाणू दोन भावंडांत वेगळा होऊ शकतो का? आणि पुतण्याला, वहिनीला लस दिलेली आहे, ती या बदललेल्या विषाणूवर चालते का?

रानजाई

शेवंतीताई, शास्त्रातलं जाणकार सांगतील. पण दादांना माझ्याकडून सांगा, मी आठ वर्षं टेनोफोव्हिर घेतेय. पहिल्या वर्षातच लोड सापडेनासा झाला. भांडण नंतरही मिटवता येतं, लिव्हर थांबत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी पुण्यात विषाणूंच्या चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. काउंटरवरच्या त्या एका वाक्याने तुमच्या घरात जे झालं ते वाचून फार वाईट वाटलं. ते वाक्य चुकीचं होतं.

या विषाणूचा जनुकसंच साधारण ३,२०० अक्षरांचा असतो. ए, बी, सी, डी असे जे जीनोटाइप म्हणतात, ती याची घराणी समजा. एका घराण्याचा विषाणू दुसऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांहून जास्त वेगळा असतो, म्हणजे अडीचशेच्या वर अक्षरं. तुमच्या दादांच्या रिपोर्टात जो फरक दाखवलाय तो एका अक्षराचा आहे. १८९६ क्रमांकाच्या जागी जी होतं, तिथे ए आलं. घराणं तुमचं दोघांचं एकच, डी.

हे अक्षर बदलतं कसं? हिपॅटायटिस बी स्वतःची नक्कल करताना मध्ये आरएनएवरून डीएनए लिहितो, आणि ते लिहिणाऱ्या एन्झाइमला झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. अंगात विषाणू जोरात असेल तर रोज हजारो कोटी नवे कण तयार होतात. म्हणजे चुका होतच राहतात, आणि एकाच माणसाच्या रक्तातसुद्धा थोड्या थोड्या फरकाच्या विषाणूंची झुंड असते. त्यातला कोणता वाढेल हे बरंचसं आपली प्रतिकारशक्ती ठरवते. जन्मतः लागण झालेल्या माणसात पहिली वीसतीस वर्षं शरीर विषाणूला फारसं छेडत नाही. तेव्हा विषाणू ई अँटिजेन भरपूर बनवतो. पुढे शरीर जागं होऊन त्याच्यामागे लागतं, आणि ज्यांच्यात १८९६ चा बदल झालाय ते तगून राहतात. त्या बदलामुळे ई अँटिजेन बनायच्या आधीच 'थांब' अशी खूण येते. अँटिजेन बंद, विषाणूची वाढ चालू. दादांचं ई निगेटिव्ह असूनही लोड साडेसहा लाख का, याचं उत्तर त्यात आहे. तुमच्यात तीच लढाई वेगळ्या वाटेने गेली आणि विषाणू दबून राहिला. आई एक, वाटा दोन.

हा बदल डी प्रकारात नेहमी दिसतो, ए प्रकारात क्वचित. ए मध्ये या अक्षराच्या समोरचं जोडीचं अक्षर असं असतं की इथे बदल केला तर विषाणूचाच आवश्यक पीळ मोडतो. आपल्या पश्चिम भारतात डी आणि ए हेच जास्त. त्यामुळे दादांचा रिपोर्ट मला अजिबात चमत्कारिक वाटत नाही.

शेवंती_एम

तुमचं उत्तर मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण उठून गेली नाही. तिच्या भावाचं म्हणणं आहे की प्रकार एक आहे म्हणून आईकडूनच आला हेही सिद्ध होत नाही. त्याला काय सांगू?

सूक्ष्मदर्शक

त्यांचं तेवढं म्हणणं बरोबर आहे, आणि मी ते नाकारणार नाही. डी प्रकार कोट्यवधी लोकांत आहे. तुमच्या आणि दादांच्या विषाणूंची सगळी अक्षरं वाचून, परिसरातल्या इतर डी विषाणूंशी ताडून वंशवृक्ष काढता येतो. तुम्ही दोघं एका फांदीवर शेजारी आलात तर मूळ एकच असण्याला मोठा आधार मिळतो. आईंच्या रक्तात विषाणू सापडत असेल तर आणखी चांगलं.

पण त्यांना एक साधी गोष्ट विचारा. धडधाकट मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी लागला तर तो शंभरातल्या ९५ जणांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. कायमचा राहतो तो बहुतेक जन्मतः किंवा लहानपणी लागलेला. आईचं ई अँटिजेन पॉझिटिव्ह असेल आणि बाळाला लस मिळाली नसेल तर अशा बाळांपैकी ७० ते ९० टक्क्यांत तो कायमचा बसतो. आई पॉझिटिव्ह, दोन्ही भावंडं पॉझिटिव्ह, दोघांमध्येही तो मुरलेला, आणि २००६ साली तिघांचा एकदमच कळलेला. मी यात ट्रान्सपोर्टची नोकरी शोधत बसणार नाही.

लसीबद्दल: लस विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर, म्हणजे एस अँटिजेनवर काम करते. १८९६ ची जागा त्या भागात येतच नाही, त्यामुळे लसीला त्याने फरक पडत नाही. लसीला चकवणारा बदल वेगळा, जी १४५ आर नावाचा. त्याचं वर्णन १९९० साली इटलीतल्या एका बाळावरून झालं. तो दुर्मीळ आहे. वहिनी आणि मुलाची अँटीबॉडी पातळी एकदा मोजून घ्या, १० च्या वर असली की झालं.

आता माझी खरी काळजी. दादांनी लॅमिव्हुडिन तीन वर्षं घेऊन सोडली. त्या गोळीला दाद न देणारा विषाणू (एम २०४ हा बदल) अनेकांत तयार होतो. पाच वर्षांत जवळजवळ ७० टक्क्यांत. गोळी बंद केल्यावर तो रिपोर्टात दिसेनासा होतो, पण लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात त्याची प्रत दडून राहते. म्हणून डॉक्टरांनी एन्टेकॅव्हिर (अशा विषाणूपुढे कमी पडू शकणारी दुसरी गोळी) न देता टेनोफोव्हिर लिहिली असावी, आणि ती निवड मला पटते. प्रीकोअर बदल असो नसो, टेनोफोव्हिर काम करते. फायब्रोस्कॅन १५ असताना वंशवृक्षासाठी थांबू नका. ही गोळी सरकारी कार्यक्रमातून मोफतही मिळते, जिल्हा रुग्णालयात विचारा.

भीमथडी

शेवंतीताई, वहिनींना एक सांगाल? ताटवाटी, जवळ बसणं, मिठी यातून हा पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा. आमच्या घरी माझ्या सासूबाईंची भांडी चार वर्षं वेगळी ठेवली होती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

शेवंती_एम

काल रात्री दादाने पाकीट फोडलं. पाण्याचा पेला वहिनीने आणून ठेवला, बोलली नाही. तिची आणि पुतण्याची अँटीबॉडी मंगळवारी आहे. आईच्या रक्तात लोड 'सापडला नाही' असा रिपोर्ट आला, म्हणजे तिची तुलना होणार नाही ना? आणि दादाला शुगर आहे, या गोळीने किडनीला काही होईल का?

सूक्ष्मदर्शक

नाही, आईंची अक्षरं वाचण्याइतका विषाणूच रक्तात नाही. त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे. शुगर असल्याचं डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. टेनोफोव्हिरचा एक प्रकार, ज्याला टीएएफ म्हणतात, तो किडनीला आणि हाडांना हलका असतो. कोणता द्यायचा ते तेच ठरवतील. गोळी मात्र मधेच बंद करू नका. आणि मंगळवारी रक्त देणारच आहात तर दादांचं क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या, तो रिपोर्ट हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा.