‘बार’ की ‘भार’? काडतूस भरण्याचे मराठी शब्द

तापीकाठ
एका अमेरिकी नेमबाजाच्या आठवणींचा अनुवाद करतोय. त्यात एक अख्खं प्रकरण पिस्तुलाची काडतुसं घरी भरण्यावर आहे. रिकामी पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर स्वतः ओतलेली शिशाची गोळी दाबायची. आपल्याकडे हे परवान्याशिवाय करता येत नाही (शस्त्र कायदा, १९५९), त्यामुळे या कामाचे शब्द लोकांच्या तोंडी फारसे नाहीत.

दारू-गोळीच्या ठरलेल्या जुळणीला तो ‘लोड’ म्हणतो. कमी दारूपासून सुरुवात, दर खेपेला किंचित वाढ, टोपीवर जास्त दाबाच्या खुणा दिसतात का ते बघायचं आणि निशाणावर गोळ्या कितव्या खेपेला एकवटतात ते शोधायचं. याला मी ‘बार चढवत नेणे’ लिहिलं. चोपड्याला आजोळी ठासणीची बंदूक होती, तिथे ‘बार भर’, ‘बार हलका ठेव’ असंच बोलत. मुद्रितशोधकांनी सगळीकडे ‘भार’ केलं. त्यांचं म्हणणं, बार उडतो, भरला जात नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

साक्रीकर
भरतात! ‘बार भरेल शे, हात नको लावू’ हे लहानपणी शंभरदा ऐकलंय. आणि ‘फुसका बार’ फुसका का निघतो? भरतानाच कमी पडला म्हणून.

शब्दवेल्हाळ
मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. ‘बार’ फारसी, ‘भार’ आपला. शिवाय आज ‘बार भरला’ म्हटलं की वाचकाला तंबाखू आठवते. गंभीर पुस्तकात असा शब्द कशाला?

धरणगाव
फारसी ‘बार’ म्हणजे ओझंच. संस्कृत ‘भार’ आणि फारसी ‘बार’ एकाच मुळाचे चुलतभाऊ आहेत, एकाला घरात घेऊन दुसऱ्याला ओसरीवर बसवण्यात काय अर्थ? माझं तर मत आहे की खान्देशात हा शब्द भिल्ल पलटणीमुळे पसरला. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने ती उभी केली ती आमच्या धरणगावातच.

साक्रीकर
पलटणीच्या आधी काय लोक गोफणीनेच लढत होते? मराठ्यांच्या तोफा होत्या, दारूखाने होते. शब्द गोऱ्यांची वाट बघत बसले नव्हते.

धरणगाव
शब्द पलटणीने घडवला असं मी म्हटलेलं नाही. गावोगाव नेला असं म्हटलं.

वैद्यबुवा
‘दारू’चा फारसी अर्थ औषध. मग सरळ ‘मात्रा’ घ्या. थोडीथोडी मात्रा चढवत, लक्षणं पाहत जायचं, हे आमच्या शास्त्रात पहिल्यापासून आहे. तुमच्या नेमबाजाचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

तापीकाठ
शब्द छान आहे, पण ‘मात्रा’ फक्त दारूची झाली. दारू तेवढीच ठेवून जड गोळी घातली की लोड बदलला. गोळी पुंगळीत थोडी खोल बसली तरी दाब वाढतो. मला सगळ्या जुळणीला मिळून एक शब्द हवाय. आणि ‘भार’ घेतला तर वाचक गोळीचं वजन समजेल, कारण त्याच पानावर गोळीचं वजनही दिलेलं आहे.

खिळेजुळारी
मी बाराचं सोडून शिशाचं बोलतो. तुमचा नेमबाज गोळ्या कशाच्या ओततो?

तापीकाठ
लायनोटाइप या जुन्या छपाईयंत्राच्या धातूच्या. मी ‘छापखान्याचे खिळे’ लिहिलंय.

खिळेजुळारी
ते बदला. लायनोवर अख्खी ओळ एकसंध ओतली जायची, एकेका अक्षराचा सुटा खिळा वेगळा. ‘लायनोचं शिसं’ लिहा. त्यात साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. नुसत्या शिशाहून बरंच टणक, आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतं. आमच्या धुळ्याच्या छापखान्यात ते वितळवून पुन्हा वापरायचो. कढईवर तरंगणाऱ्या मळीला आम्ही ‘राख’ म्हणायचो.

साक्रीकर
टणक गोळी असली की नळीला शिसं धरत नाही ना?

तापीकाठ
नुसत्या टणकपणाने भागत नाही. गोळी नळीला बारीक पडली तर तापलेला वायू बाजूने निसटतो, शिसं झिजवतो, आणि तेच पुढे नळीला चिकटतं. म्हणून गोळी किंचित जाड ठेवून तिच्या खाचांत मेणाचं वंगण भरतात. ‘शिसं धरणं’ मात्र मी उचललं. मी ‘शिशाचा थर साचणे’ लिहिलं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी जिवंत आहे.

शब्दवेल्हाळ
वजनं कशात देताय? ‘ग्रेन’ ठेवू नका. आपल्याकडे ‘गुंज’ आहे.

सराफबाजार
थांबा! जळगावात आमच्या तीन पिढ्या सोनं तोलण्यात गेल्या. जुन्या हिशेबात ८ गुंजा म्हणजे मासा, १२ मासे म्हणजे तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. तोच तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचा धरला. म्हणजे एक गुंज झाली १.८७५ ग्रेन. दारूच्या आकड्यापुढे ग्रेनऐवजी गुंज छापलीत तर कागदावरच जवळजवळ दुप्पट दारू झाली. पिस्तूल हातात फुटेल अशी चूक आहे ही.

तापीकाठ
‘ग्रेन’च राहील. ‘दाणा’सुद्धा नको. दारूही दाणेदार असते, कुणी दाणे मोजायला बसेल.

शब्दवेल्हाळ
शब्द मी सुचवला होता, आकडे तसेच ठेवा असं सुचवलं नव्हतं. गणित करून गुंजा द्या.

सराफबाजार
कुठल्या गुंजा? आज आमच्याच पेढीवर गिऱ्हाईक तोळा म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात १० ग्रॅम असतात. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. त्याची गुंज वेगळी, याची वेगळी.

वरणगाव फाटा
उशिरा आलो. आमच्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे घरोघरी ‘राउंड’ म्हणतात, बार-भार कुणी म्हणत नाही. पण वर सगळे ‘काडतूस’ बिनदिक्कत वापरताय, ते तरी मराठी कुठंय? माझे वडील सांगायचे, काडी अधिक तूस.

धरणगाव
वडिलांचा मान राखून सांगतो, काडीही नाही आणि तूसही नाही. पोर्तुगीज ‘कार्तुशू’. त्याच्या मुळाशी कागद आहे, कारण आधी दारू-गोळी कागदात गुंडाळून ठेवत.

वरणगाव फाटा
मग कागदाचं ‘काडतूस’ कसं झालं? ‘कागतूस’ का नाही?

धरणगाव
‘कागद’ हा शब्द इथे आलाच कुठून? तो अर्थ पोर्तुगीजांच्या आधीचा, इटालियनमधला आहे. ‘र्त’चा ‘डत’ झाला, एवढंच.

शब्दवेल्हाळ
‘र्त’चा ‘डत’ झाल्याचं दुसरं एक उदाहरण द्या, मग मानतो.