मदत हवी आहे: धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूम) स्पॉन, म्हणजे बी, गव्हावर आंबतंय

ताज्या धिंगरीच्या देठातला आतला गर घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये कल्चर केलंय. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर) प्लेटवर 25 अंशांना झकास वाढतं, पांढरंशुभ्र, हिरवी-काळी बुरशी नावालाही नाही. घोडं अडतं ते गव्हावर. बाटलीत तंतू दोन-तीन बोटं उतरतात आणि थांबतात. खालचे दाणे बुळबुळीत होऊन काचेला चिकटतात, बूच काढलं की आंबूस भपकारा.

गहू उकळून, फडक्यावर वरचं पाणी सुकवून, जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट लावूनच भरतो. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंश, 15 पाउंड, दीड तास. कल्चर न घातलेली कंट्रोल बाटलीही तशीच आंबते, म्हणजे कल्चर निर्दोष दिसतंय. संशय बॅसिलस जिवाणूच्या, उष्णतेत तग धरणाऱ्या बीजाणूंवर. ऑटोक्लेव्ह सगळ्यांचा मिळून एकच (आणि रांग कायमची!), त्यामुळे सलग तीन दिवस टिंडलायझेशन (रोज एकदा तापवून, मधल्या वेळात रुजलेले बीजाणू मारणं) जमणार नाही. अळिंबी खायची आहे, म्हणून अँटिबायोटिक नको.

गहू आदल्या रात्री भिजवला तर बीजाणू रुजून नंतरच्या उष्णतेत मरतात, असं वाचलंय. इथल्या उकाड्यात किती तास भिजवावा? की बाटल्या कमी भरून ऑटोक्लेव्हची वेळ वाढवणं जास्त खात्रीचं?