दुरंगी भिडू, पसंती आणि पाठिंबा

तिर्री :

गुरुवारी कट्ट्यावर एका शब्दावरून माझं भिडूशी वाजलं. निवाडा इथेच होईल म्हणून लिहितेय. ब्रिज न खेळणाऱ्यांनीही वाचा, भांडण मराठीचंच आहे.

माझी पाने अशी होती. इस्पिक : राणी, तिर्री. बदाम : राजा, राणी, पंजी. चौकट : नव्वी, छक्की, चौकी. किलवर : एक्का, गुलाम, अठ्ठी, छक्की, पंजी. एकूण १२ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).

भिडूने एक इस्पिकने सुरुवात केली. मी दोन किलवर, तो दोन बदाम, मी दोन इस्पिक. झालं, साहेब थेट चार इस्पिकवर! म्हणजे इस्पिक हुकूम आणि सहा अधिक चार, असे दहा हात करायचे. इस्पिकं समोर ५-१ फुटली, म्हणजे एका विरोधकाकडे पाच, दुसऱ्याकडे एक. विरोधकांनी चौकटचे दोन हात घेतले आणि तिसऱ्यांदा चौकटच खेळून भिडूला हुकूम मारायला लावलं. त्याने तीन वेळा हुकूम काढले, तरी एकाकडे गुलाम आणि नव्वी शिल्लक. एका हाताने बुडालो.

त्याच्याकडे पाच बदामही होते. मी विचारलं, तीन बदाम का नाही म्हणालास? तर म्हणे, "तू इस्पिकला सपोर्ट दिलास ना!" मी म्हटलं, तो सपोर्ट नव्हता, प्रेफरन्स होता. त्यावर उत्तर आलं, "मराठीत दोन्ही एकच. पाठिंबा म्हणजे पाठिंबा."

खरंच एकच आहे का? आणि दोन रंगांत पाच-पाच पाने असली की ज्याला 'टू-सूटर' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी :

दुसरा प्रश्न सोपा. दुरंगी. शब्द तयारच आहे, निवडणुकीत दुरंगी लढत म्हणतोच की. दुरंगी हात, दुरंगी बोली, सगळं बसतं.

चौकट अठ्ठी :

बसतं कसं? पत्त्यांत रंग दोनच, लाल आणि काळा. बदाम आणि चौकट अशी पाच-पाच पाने आली तर तो तुमचा 'दुरंगी हात' डोळ्यांना एकरंगी लाल दिसेल. आमच्या घरी आजोबा 'जात' म्हणायचे. "जात आहे ना हातात? मग तीच टाक." पण दुजाती म्हटलं की कानाला भलतंच काही ऐकू येतं, म्हणून मी तो शब्द पुढे करत नाही.

शब्दवेडी :

अठ्ठी, पत्त्यांत 'रंग'चा अर्थ कधीचाच बदललाय. "रंग आहे का?" असं कुणी विचारलं तर लाल-काळा असं उत्तर देता का तुम्ही?

मेंढीकोटवाला :

माझी हरकत 'रंग'वर नाही, 'हात'वर आहे. मराठीत हात म्हणजे प्रत्येकाच्या एकेका पानाचा एक फेरा जिंकणं. पाच-तीन-दोनमध्ये काय करतो आपण? पाच हात, तीन हात, दोन हात. तिर्रीताईंनी स्वतःच वर 'एका हाताने बुडालो' लिहिलंय. मग वाटून आलेल्या १३ पानांनाही हात म्हटलं तर "माझा दुरंगी हात एका हाताने बुडाला" असं म्हणावं लागेल. वाटून येतात ती 'पाने'. "आज पाने चांगली येत नाहीत" हे वाक्य मी तीस वर्षं लोकलमध्ये ऐकतोय, "हात चांगला येत नाही" हे कधीच नाही. तेव्हा दुरंगी पाने. आणि ज्याच्याकडे ती आहेत तो दुरंगी भिडू.

तिर्री :

दुरंगी भिडू फारच आवडलं. गुरुवारच्या प्रकारानंतर तर दोन्ही अर्थांनी!

जुना भिडू :

मेंढीकोटवाल्यांचं म्हणणं पटलं, पाने हाच शब्द. आता मूळ भांडणाकडे येतो.

पसंती आणि पाठिंबा एक नाहीत, आणि हे समजायला ब्रिज यावाच लागत नाही. पदवीधर मतदारसंघात मतदान केलंय कुणी? तिथे उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. दोनच उमेदवार असतील आणि दोघेही तुम्हाला नकोसे असतील, तरी एकापुढे १ लिहिता ना? ती पसंती. त्याच्या प्रचाराला जाऊन झेंडा धरला तर तो पाठिंबा.

दुरंगी भिडू टेबलावर तेच विचारत असतो. त्याची पहिली बोली इस्पिक, दुसरी बदाम. म्हणजे इस्पिकं पाच, बदाम निदान चार. तो म्हणतोय, "हे दोन उभे आहेत, यातला कोणता?" तिर्रीने दोन इस्पिक म्हटलं याचा अर्थ एवढाच, की पहिल्या रंगाकडे परत जाऊ, पुढचं पुढे बघू. दोन पानांवर ही बोली नेहमी दिली जाते. तिच्या पानांना तिथे दुसरी बरी बोली नव्हतीच. चौकटमध्ये नव्वी-छक्की-चौकी घेऊन दोन नो ट्रंप (कुठलाच हुकूम नसलेला खेळ) म्हणवत नाही, आणि बदाम लगेच उचलायचे तर बहुतेक जोड्यांत चार पाने लागतात. राजकारणाच्या भाषेत सांगायचं तर दोन इस्पिक हा फार तर बाहेरून पाठिंबा. सरकार त्यावर उभं राहतं, पण मंत्रिपदं वाटायला घेऊ नयेत!

भिडूने तीन बदाम म्हणायला हवं होतं. त्यातून पाच-पाच कळलं असतं आणि निवड तिर्रीच्या हाती आली असती. तिच्याकडे बदाम तीन, म्हणजे दोघांत मिळून आठ. इस्पिकं दोघांत मिळून सात. बाहेर पाच पाने असली की ती ३-२ फुटण्याची शक्यता ६८ टक्के. बाहेर सहा असली की ४-२ साधारण ४८, ३-३ ३६ आणि ५-१ १५ टक्के. सातांच्या जोडीवर गेम (चार इस्पिकसारखी, बोनस मिळवून देणारी बोली) होत नाही असं नाही, तिर्रीचाही इस्पिकं ४-२ फुटली असती तर झाला असता. पण आठांची जोड हाताशी असताना तो धोका कशाला?

आता माझ्या मते खरी मजेची गोष्ट. समजा भिडूकडे हीच पाने आहेत. इस्पिक : एक्का, राजा, दश्शी, अठ्ठी, पंजी. बदाम : एक्का, नव्वी, सत्ती, छक्की, तिर्री. चौकट : सत्ती, दुर्री. किलवर : एकटी चौकी. आणि तुमच्याकडे तिर्रीच्या पानांऐवजी ही आली. इस्पिक : गुलाम, तिर्री. बदाम : दश्शी, पंजी, दुर्री. चौकट : राजा, राणी, दश्शी. किलवर : राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. गुण तेच १२. वाटणीही तीच, दोन-तीन-तीन-पाच. फक्त या वेळी दोन बदामनंतर तुम्ही दोन नो ट्रंप म्हणता आणि भिडू तीन बदाम.

इथे बदाम आठ आहेत म्हणून चार बदाम म्हणालात की बुडालात. राजा, राणी, गुलाम तिन्ही बाहेर. बदामचे निदान दोन हात जाणार, वर चौकटचा आणि किलवरचा एक्का. विरोधक झोपले नसतील तर चार हात गेलेच. तीन नो ट्रंपला मात्र मजा आहे. चौकटची उतारी (विरोधकाचं पहिलं पान) येईल, तिथे दोन हात मिळतात. एकदा किलवरचा एक्का बाहेर काढला आणि किलवर ४-३ फुटली की तिथे चार. इस्पिकचे दोन, बदामचा एक. मोजा, नऊ.

उलट, तिर्रीच्या मूळ पानांवर तीन नो ट्रंप म्हणजे चौकटमध्ये दार सताड उघडं. बाहेर आठ चौकट, त्या ४-४ फुटल्या तरच विरोधक चार हातांवर थांबतात, आणि तसं तिनात एकदाच होतं.

म्हणून आम्ही नव्यांना सांगतो, दुरंगी भिडूसमोर गुण मोजण्याआधी ते कुठे बसलेत ते बघा. त्याच्या दोन रंगांतली राणीसुद्धा सोन्याची. त्याच्या तोकड्या रंगांतले राजा-राणी हुकमाच्या खेळात बरेचसे वाया जातात, कारण तिथे तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला हुकूमच मारणार असतो. तेच राजा-राणी नो ट्रंपला पहारेकरी. एक्के कुठेही चालतात.

चौकट अठ्ठी :

काका, तिर्रीच्या वाटणीत चार बदाम झाले असते का? इस्पिकं तर ५-१ होती.

जुना भिडू :

बदाम ३-२ असतील तर होतात, पण घाईने हुकूम काढले तर नाही. तिसरी चौकट भिडू लांब हाताने मारणार. मग किलवरचा एक्का, एक किलवर मारायची, इस्पिकच्या राणीवर डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांत) जायचं, आणखी एक किलवर मारायची. लांब हातातच तीनदा मारलं. त्यानंतर एक्का, राजा, राणी यांनी हुकूम काढायचे आणि शेवटी इस्पिकचे एक्का-राजा वाजवायचे. तीन मारलेले, तीन हुकमाचे, इस्पिकचे तीन, किलवरचा एक. दहा. (वर 'लांब हात' लिहिलं खरं. मेंढीकोटवाले, माफ करा, सवय जात नाही.)

मेंढीकोटवाला :

माफ. पण हुकूमबद्दल एक सांगतो. ऑनलाइन खेळताना एक हिंदी भिडू म्हणाला, "हुकुम खेलो." मी बदाम खेळलो, कारण हुकूम बदामचा होता. त्याला इस्पिक हवं होतं. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिकच. आपला हुकमी एक्का कोणत्याही रंगाचा असू शकतो, त्यांचा काळाच.

शब्दवेडी :

मग नो ट्रंपला बिनहुकमी म्हणू या का?

जुना भिडू :

म्हणा, पण टेबलावर कुणी वळून बघणार नाही. काही शब्द इंग्रजीच राहू द्यावेत, त्यांनी आपलं काही बिघडत नाही. कॉन्ट्रॅक्टचंही (शेवटी ठरलेल्या बोलीचंही) तसंच. करार बरोबर आहे, आणि त्यात खेळाचा इतिहासही आहे. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोललेले जादा हातही गेमच्या खात्यात जमा होत. १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी गुणांची नवी पद्धत बसवली. तिच्यात, बोललात तेवढंच गेमसाठी धरायचं. म्हणून तर आपण चार बदामपर्यंत चढतो. तीन बोलून चार केले तर गेमचा बोनस नाही. डुप्लिकेटमध्ये (तीच पाने सगळ्या टेबलांवर खेळतात तेव्हा) हा बोनस ३००, व्हल्नरेबल (त्या डावात बोनस आणि दंड दोन्ही जास्त) असाल तर ५००.

गेमला लागतात १००. पहिले सहा हात धरायचे नाहीत, त्यावरचे मोजायचे : इस्पिक-बदामचे प्रत्येकी ३० प्रमाणे चार हातांचे १२०, नो ट्रंपचे ४० अधिक ३० अधिक ३०, आणि किलवर-चौकटचे २० प्रमाणे पाच. म्हणजे सहा अधिक पाच, ११ हात. म्हणूनच भिडू किलवर-चौकटचा दुरंगी असेल तर आधी बाकीच्या दोन रंगांत अडवणारी पाने आहेत का ते बघून नो ट्रंपचा विचार करतात. अकरा हात म्हणजे चेष्टा नाही.

चौकट अठ्ठी :

'गेम'ला मात्र मराठी नकोच. भिडूने गुरुवारी तिर्रीचा गेम केला, यापेक्षा नेमकं मराठी वाक्य मिळणार नाही.

तिर्री :

हा सगळा धागा भिडूला दाखवला. पसंती आणि पाठिंबा वेगळे हे त्याने मान्य केलं, पण हरायचं नाही म्हणून एक सोडून दिलं. "इस्पिकची राणी हाताशी असताना ती नुसती पसंती कशी? एवढा भारी आमदार कधी बाहेरून पाठिंबा देतो का?"

जुना भिडू :

हा प्रश्न रास्त आहे, त्याला सांगा. दोनच पाने पण त्यात राणी, ही पसंती दोन बारक्या पानांपेक्षा जड असतेच. फक्त टेबलावर ते सांगायला शब्द नाही, तिथे दोन इस्पिक म्हणजे दोन इस्पिक. भुवई उडवून सांगू नका, डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावतील.