गिरवलीच्या दुर्बिणीतून शनी बघायला मिळेल का?

मंचरची_सूनबाई:
नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा बावळट वाटेल पण विचारतेच. आम्ही मंचरला राहतो, मुलगी नववीत आहे आणि तिला सध्या आकाशाचं भयंकर वेड लागलंय. नवऱ्याच्या मित्राकडे आठ इंची दुर्बीण आहे, त्यातून शनीची कडी बघितल्यापासून तर बाईसाहेब जमिनीवरच नाहीत. आमच्या घोडेगावच्या बाजूला डोंगरावर आयुकाची (पुण्याची खगोलशास्त्राची संस्था) गिरवली वेधशाळा आहे, तिथली दुर्बीण २ मीटरची, तर हिचं गणित असं की आठ इंचीतून एवढा दिसतो तर तिथून केवढा दिसेल! आणि काल क्लासच्या सरांनी सांगितलं की त्या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नसते. हे खरंय का? मग ती माणसं रात्र रात्र जागून बघतात तरी काय? सासूबाई म्हणतात आत सोडतात, मी जाऊन आलेय, पण त्या मोठमोठ्या तबकड्यांचं वर्णन करतात त्यामुळे मला वाटतं त्या भलतीकडेच जाऊन आल्यात.

पहाटवारा:
सासूबाई खोडदला जाऊन आल्यात, शंभर टक्के :) ती जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे जत्राच भरते, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात. गिरवली वेगळी, ती प्रकाशाची दुर्बीण, २००६ साली सुरू झाली.

आणि सर बरोबर सांगतायत. मोठ्या आरशाला मधोमध भोक असतं, वरच्या छोट्या आरशावरून परत आलेला प्रकाश त्या भोकातून मागे उतरतो, आणि जिथे तुम्ही डोळा लावाल असं वाटतं नेमकं तिथे आयफॉस्क नावाचं यंत्र बसवलेलं असतं. म्हणजे कॅमेरा आणि वर्णपटमापक (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) एकाच पेटीत. आपण दुर्बीण दुर्बीण करतो पण खरं काम ती पेटी करते, दुर्बीण म्हणजे पावसाचं पाणी गोळा करणारी पन्हळ समजा, पाणी मोजायचं भांडं खाली असतं.

आता लेकीचं गणित. तुमची आठ इंची म्हणजे साधारण २०० मिलिमीटर, ही २०००. व्यास दहापट म्हणून प्रकाश शंभरपट, इथपर्यंत पोरगी बरोबर आहे. पण शनी शंभरपट मोठा किंवा स्पष्ट दिसत नाही कारण वरची हवा सगळीकडे तशीच थरथरते, उन्हात डांबरी रस्त्यावरून पलीकडचं बघितल्यासारखं. शिवाय गिरवलीच्या कॅमेऱ्यात एका वेळी आकाशाचा जेमतेम १० आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा येतो आणि पौर्णिमेचा चंद्र असतो ३० आर्कमिनिटांचा, म्हणजे चंद्रसुद्धा एका फोटोत मावायचा नाही!

डोळ्याची अडचण अशी की तो साठवत नाही. सेकंदात दहा-पंधरा वेळा पाटी पुसतो आणि नव्याने लिहायला घेतो. सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, अर्धा तास उघडी ठेवली की थेंब थेंब प्रकाश साचत राहतो, आणि चिप गरम असली की ती स्वतःच खोटे थेंब पाडते म्हणून तिला थंडगार ठेवावं लागतं, अशा कॅमेऱ्यांना बऱ्याच ठिकाणी द्रव नायट्रोजन घालतात. तो उणे १९६ अंशाला उकळतो, ओतताना भांड्यातून वाफ आल्यासारखं पांढरं धुकं सांडतं. मी एमएस्सीला असताना एका विद्यापीठाच्या छोट्या वेधशाळेत (ही नव्हे) हे काम केलंय, हातमोजे मोठे होते आणि मी सारखा घाबरायचो.

मंचरची_सूनबाई:
पन्हळीचं समजलं. पण मग रात्रभर करतात काय? फोटो काढायचा आणि झोपायचं ना?

पहाटवारा:
झोप कसली. संध्याकाळी उजेड असतानाच आकाशाचे कोरे फोटो घ्यायचे, कारण चिपचा प्रत्येक ठिपका सारखा संवेदनशील नसतो आणि काचेवर धूळ असते, ते नंतर भागाकार करून काढून टाकायला लागतं. मग तारा शोधायचा, तो एका बारीक फटीवर आणून बसवायचा, बाकीचं आकाश झाकलेलं. फटीतून आलेला प्रकाश ग्रिझममधून जातो (लोलक आणि ग्रेटिंग, म्हणजे अगदी बारीक रेघा पाडलेली काच, एकत्र केलं की ग्रिझम) आणि ताऱ्याचा ठिपका रंगांच्या पट्ट्यात पसरतो. स्क्रीनवर मात्र रंग बिंग काही नाही, करड्या पाटीवर एक पांढरी रेघ. त्याचा आलेख काढला, आईला मोठ्या कौतुकाने दाखवला तर म्हणाली हा कोणाचा ईसीजी? तसं बघितलं तर चूक नव्हतं.

आता प्रत्येक ताऱ्यानंतर एका दिव्याचा, निऑन वगैरेचा, वर्णपट घ्यायचा असतो. त्याच्या रेषा कुठे पडतात ते आधीच माहीत असतं, ती तुमची फूटपट्टी. मी एका पहाटे साडेतीनला दुर्बीण दुसरीकडे वळवली आणि दिवा घ्यायचा विसरलो. सकाळी लक्षात आलं की आलेख आहे पण त्याला मोजमाप नाही. तोंड पाडून गाईड मॅडमकडे गेलो तर त्या म्हणाल्या अरे आकाश आहे ना. झालं असं की आपल्या हवेतला ऑक्सिजन रात्री स्वतःहून मंद हिरवा चमकतो, ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीला, आणि ती रेष माझ्या प्रत्येक फ्रेममध्ये फुकट येऊन बसली होती. जी रेष मी रोज कचरा म्हणून वजा करत होतो तिच्यावरच आधी घेतलेल्या दिव्याची फूटपट्टी सरकवून बसवली आणि रात्र वाचली.

जुना_सीओईपी:
वर्णपटाचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांनी छाती फुगवायला हरकत नाही. पुण्यात हे काम १८८८ पासून चालू होतं. आमच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात, तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स, कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, पैसे भावनगरच्या महाराजांनी आणि मुंबई सरकारने दिले. तिथली २० इंची ग्रब कंपनीची दुर्बीण देशात सगळ्यात मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नायगमवाला सगळा लवाजमा घेऊन जेऊरला गेले, हो तेच करमाळ्याजवळचं जेऊर, आणि सूर्याच्या कडेचा वर्णपट घेऊन आले. पुढे १९१२ ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच गुंडाळली, सामान कोडाईकनालला. एक माणूस उठला की खुर्चीसकट सगळं उठतं, ही आपली जुनी खोड.

देवगडचो_झील:
त्याच ग्रहणाक आमच्या विजयदुर्गार लॉकियर साहेब, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, इललो! किल्ल्यावर साहेबाचे कट्टे आहेत अजून. हेलियमचा शोध तिथेच लागला, आम्ही १८ ऑगस्टला हेलियम दिन करतो.

जुना_सीओईपी:
कट्टे खरे, लॉकियर आले तेही खरं, पण १८९८ ला. हेलियमची पिवळी रेष त्याच्या तीस वर्षं आधीची, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणातली, आणि तेव्हा जान्सेन हा फ्रेंच माणूस गुंटूरला होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून ग्रहणाशिवाय ती रेष बघितली. दिन साजरा करा की, तारीख बरोबरच आहे, फक्त जागा आंध्रातली. आणि सूनबाई, लेकीला हे सांगा: सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही हेलियमची ५८७.६ ला. एवढ्याशा फरकावरून त्यांनी म्हटलं की हे सोडियम नव्हे, हे पृथ्वीवर कोणी न बघितलेलं काहीतरी आहे. नुसता डोळा लावून बसले असते तर पिवळं दिसलं असतं आणि घरी गेले असते.

देवगडचो_झील:
आता गावात सांगूक गेलो तर माका वाळीत टाकतीत 😅

पहाटवारा:
सूनबाई, गिरवलीला असंच गाडी काढून जाऊ नका, रात्री कामं चालू असतात आणि गाडीचा एक हेडलाइट सगळ्यांचा मूड घालवतो. आयुकाला आधी विचारा. पावसाळ्यात तर कोणी काही बघत नाही. त्याआधी घरी एक करा: खोक्याला ब्लेडने बारीक चीर पाडायची, समोरच्या बाजूला सीडीचा तुकडा तिरका बसवायचा आणि वरून भोकातून बघायचं. सूर्याकडे चुकूनही रोखायचं नाही. बल्ब आणि ट्यूबलाइट यातला फरक तिचा तीच सांगेल.

मंचरची_सूनबाई:
केलं! बिस्किटाच्या खोक्याचं. देवघरातल्या जुन्या बल्बचा सलग पट्टा दिसला आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबमध्ये वेगळी उठून दिसणारी हिरवी रेघ, ती पाऱ्याची असं तिनेच शोधून सांगितलं. आता ती घरातला एकेक दिवा तपासत हिंडतेय, शेजाऱ्यांचा पण. एकच भानगड आहे, कापलेली सीडी सासूबाईंच्या भजनांची निघाली आणि त्या सकाळपासून शोधतायत.